सरकारी झिंग्यांचं औषध

चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "वासुभाऊ, ते सिरोंच्याचं सांगा." लोकांना वाटतं मी हसवायला सांगतो. मी सांगतो चिडून, आणि ऐकणारे हसतात. इतकी वर्षं असंच चाललंय. ज्या दिवशी बोलायला हवं त्या दिवशी तोंड मिटून बसलं, तर ते बोलणं कुठे जात नाही. आत साचत राहतं आणि पुढे त्याचे किस्से होतात. माझ्याजवळ पुष्कळ किस्से आहेत. मी किती वेळा गप्प बसलो असेन ते यावरून समजा.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूर तेव्हा चांदाच होतं, गडचिरोली त्यातला एक तालुका, आणि सिरोंच्याला बदली म्हणजे शिक्षा. बल्लारपूरपर्यंत आगगाडी, पुढे दिवसभर जंगलातून मोटार, पावसाळ्यात तीही बंद. तिथे गोदावरीच्या काठी सरकारनं झिंगे पाळायचं केंद्र काढलं होतं. नदीतले बारके झिंगे धरून तळ्यात सोडायचे, खाऊ घालून मोठे करायचे आणि शहरात पाठवायचे, अशी ती योजना. पाच तळी, एक कौलारू कचेरी, आणि कचेरीच्या मागच्या खोलीत प्रयोगशाळा.

शिपाई आणि झाडलोटवाली सोडली तर आम्ही चौघं होतो. केंद्राचे प्रमुख घाटे साहेब. जंतूंचं काम बघायला दाणीबाई, नागपूरच्या एम.एस्सी. तळ्यांवर पोचन्ना, जातीचा ढिवर, उभा जन्म नदीत गेलेला. घरी तेलुगू बोलायचा, आमच्याशी त्याची मराठी. आणि मी, चांद्याचा, लॅब असिस्टंट.

*

साहेब रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोचन्नाला "ट्रेनिंग" दिलं. कचेरीच्या भिंतीला झिंग्याचं छापील चित्र टांगलं, हातात रूळ घेतला, आणि समोर पोचन्नाला उभं केलं. हे डोकं, हे पोट, ह्या मिशा. पोचन्ना हात बांधून ऐकत होता. ज्या माणसानं आयुष्यात लाखभर झिंगे हातानं धरले असतील, त्याला साहेब झिंग्याचं डोकं कुठे असतं ते दाखवत होते.

शेवटी साहेब म्हणाले, "काही शंका?"

"एकच हाये साहेब. चित्र उलटं टांगलं तुमी."

खरंच उलटं होतं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी चित्र काढलं, सरळ केलं, आणि मग पोचन्नाकडे वळून विचारलं, "शिकलास कितवीपर्यंत?"

"आमच्या गावात शाळा नोती साहेब. नदी होती."

मी हसू दाबलं. त्या दिवसापासून साहेबांनी पोचन्नाला नावानं हाक मारणं सोडलं. "ए तळंवाला" म्हणायचे. वयानं तो त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. साहेबांनी हाक मारली की मला कानकोंडं व्हायचं. पोचन्ना मात्र शांतपणे उठून जायचा. त्याच्या शांतपणाचा मला साहेबांपेक्षा जास्त राग यायचा. माझा स्वतःचा शांतपणा तेव्हा मला दिसत नव्हता.

*

पहिल्याच उन्हाळ्यात झिंगे मरायला लागले. अंगावर काळे डाग पडायचे, मिशा गळायच्या, आणि सकाळी काठाला पालथे. एवढ्याशा तळ्यात साहेबांनी इतके झिंगे कोंबले होते की पाण्याला वास यायचा. पण साहेब नागपूरच्या मीटिंगला जाऊन आले ते वेगळंच ऐकून आले. परदेशात म्हणे कोंबड्यांना दाण्यातून नवी औषधं देतात, जंतू मरतात आणि कोंबड्या भराभर वाढतात.

"मग आपल्या झिंग्यांनी काय पाप केलंय?" साहेब म्हणाले.

महिन्याभरात खोकी आली. क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल. आज नाव ऐकून कोणाला काही वाटणार नाही. त्या वेळी मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, माणूस एकवीस-एकवीस दिवस फणफणायचा आणि निम्म्या वेळा उठायचा नाही, आणि त्या तापावर पहिल्यांदाच काही सापडलं होतं ते हे औषध. मोठ्या शहरांतसुद्धा ओळखी काढून मिळवावं लागे. आमच्याकडे ते झिंग्यांसाठी आलं. पेटीवर तसं लिहिलेलंच होतं.

दाणीबाईंनी आधी तपासून बघायचं ठरवलं. झिंगा कापला की पाठीतून काळा दोरा निघतो, आपण साफ करताना काढतो तो. तीच त्याची आतडी. बाई तो दोरा चिमट्यानं अलगद काढायच्या, वाटायच्या, आणि त्याचा थेंब काचेच्या बशीत घट्ट केलेल्या खळीवर पसरायच्या. मग टिपकागदाच्या बारक्या टिकल्या औषधात बुडवून त्यावर ठेवायच्या. टिकल्या पाडायला आम्ही कचेरीचं पंचिंग मशीन वापरायचो. वीज नव्हती, बशा रॉकेलच्या दिव्यावर चालणाऱ्या पेटीत ऊबेला ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली असायची, आणि जिथे औषध चाललं तिथे टिकलीभोवती स्वच्छ रिकामं कडं.

पहिल्या बशीत कडी चांगली रुपयाएवढी आली. साहेब खूश झाले. "म्हणजे मेले ना सगळे?"

"मेले," बाई म्हणाल्या. "पण साहेब, हे रोगाचे जंतू नाहीत. हे त्याच्या पोटात नेहमी राहणारे आहेत. खाल्लेलं पचवायला त्याला ते लागतात. आणि औषध रोज देत राहिलो, तर जे मरणार नाहीत तेच उरतील आणि वाढतील."

साहेबांनी बशी पुन्हा एकदा निरखली आणि नाक मुरडलं.

"सरकारी झिंग्याच्या पोटात जंतू चालणार नाहीत," ते म्हणाले.

*

कॅप्सूल फोडायचं काम माझं. रोज सकाळी खुर्चीवर बसून एकेक कॅप्सूल उघडायची, आतली पूड कोंड्यात मिसळायची, आणि त्याचे लाडू वळून डब्यात भरायचे. डबे पोचन्ना तळ्यांवर न्यायचा. पूड कडूजहर. कितीही हात धुतले तरी भाकरीला तो कडूपणा लागायचा. मी घरच्यांना पत्रात लिहिलं होतं, नोकरी बरी आहे, बसून काम आहे.

*

आता चायना ग्रासचं ऐका.

बशीत जी खळी ओततात ती चायना ग्रासची. समुद्री शेवाळापासून करतात, मिठाईवालेही तिच्याच वड्या करतात. आमच्याकडे तिचं एकच पुडकं होतं, तेही नागपूरहून तीनदा लिहिल्यावर आलेलं. दाणीबाई ते कुलपात ठेवायच्या आणि चिमटीनं वापरायच्या.

एकदा साहेबांकडे वरचे अधिकारी मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत आलो तर कपाट उघडं आणि पुडकं गायब. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "साहेबांनी मागून नेलं, पाहुण्यांना गोड करायचं होतं."

गुलाबी रंगाच्या, वर बदामाचे काप लावलेल्या वड्या झाल्या होत्या. आम्हालाही बशीतून पाठवल्या. दाणीबाईंनी एक वडी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली, आणि परत ठेवली. त्या खळीवर पुढच्या सहा आठवड्यांचं काम व्हायचं होतं. नेमक्या त्याच दिवसांत तळ्यातल्या जंतूंत काय फरक पडतोय ते कळायचं होतं. आता पुन्हा नागपूर, पुन्हा तीन पत्रं, वरून पावसाळा तोंडावर.

बाई सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. पाहुणे बसलेलेच होते. मी दारात.

"साहेब, या महिन्याच्या अहवालात जंतूंचं काही लिहिता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी वडी कशी झाली होती तेवढं लिहून द्या. मी तेच पाठवते."

पाहुण्यांच्या हातातली वडी हातातच राहिली. साहेब म्हणाले, "बाई, थट्टेलाही वेळ असते."

"हो, आणि ती सहा आठवडे असणार आहे," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

मागच्या खोलीत आल्यावर मात्र त्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या.  मी पंचिंग मशीन घेतलं आणि उगाचच टिपकागदाला भोकं पाडत बसलो.

*

खळी आली, काम पुन्हा सुरू झालं. पण आता बशांत वेगळंच दिसायला लागलं. कडी बारीक होत चालली. रुपयाएवढी होती ती चवलीएवढी झाली, मग नुसती रेघ. शेवटी पाचही तळ्यांच्या बशांत टिकलीच्या अगदी कडेपर्यंत जंतूंची साय. औषधाला जंतू दाद देईनात. आणि झिंगे मरायचे ते मरतच होते, उलट जास्त.

बाईंनी बशा साहेबांपुढे ओळीनं मांडल्या, पहिल्या महिन्यापासूनच्या चित्रांसकट. मुलालाही कळलं असतं.

साहेबांनी सगळं पाहिलं. म्हणाले, "डोस कमी पडतोय. दुप्पट करा."

"दुप्पट केला तरी आता हे मरणार नाहीत."

"ते बघू. आधी हा अहवाल. हे असं वर पाठवता येणार नाही. वरच्यांनी औषध मंजूर केलंय." मग आवाज खाली आणून, अगदी समजुतीच्या सुरात, "ही कडी जरा मोठी काढा ना. चित्रच तर आहे. पेन्सिल आहे ना तुमच्याकडे?"

दाणीबाईंनी खिशातली पेन्सिल काढली. अंगातल्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर तिचं टोक पुसलं, आणि ती साहेबांपुढे टेबलावर ठेवली.

"घ्या साहेब. कडीही तुम्हीच काढा, आणि खाली सहीही तुमचीच करा."

साहेबांनी पेन्सिल घेतली नाही. पण अहवाल गेला तेव्हा त्यात कडी मोठी होती. कोणी काढली, मला विचारू नका. टाइप करणाऱ्या शिपायानं नाही आणि बाईंनीही नाही, एवढंच सांगतो. मला साहेबांनी बोलावून फक्त एवढं विचारलं होतं, "वासुदेव, चांद्याला परत जायचंय ना तुला?" हा किस्सा मी सहसा इथेच थांबवतो. लोक हसतात, मी हसत नाही.

*

वरचे एक अधिकारी तळं बघायला आले होते. काठावर उभं राहून त्यांनी पोचन्नाला विचारलं, "झिंगे औषध दिवसातून किती वेळा घेतात?"

"जेवल्यावर, साहेब," पोचन्ना म्हणाला.

त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

*

मग पुढच्या वर्षीचा तो पावसाळा.

पोचन्नाची बायको राजक्का तापली. ती कचेरीत झाडलोट करायची, धिप्पाड बाई, डोक्यावर दोन घागरी घेऊन नदीवरून गप्पा मारत यायची. आठ दिवस झाले, ताप उतरेना. दहा झाले. ती बरळायला लागली. पोचन्नानं तिला बाजेवर घालून गावातल्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याचे डॉक्टर भले गृहस्थ, पण फळीवर मिक्श्चरच्या बाटल्या आणि आयोडिन, एवढंच. त्यांनी एका चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं, चांद्याला मिळालं तर मिळेल. नदी-नाले भरून वाहत होते, मोटार पंधरा दिवस आली नव्हती.

पोचन्ना ती चिठ्ठी घेऊन सकाळी माझ्याकडे आला. मी नेहमीसारखा कोंड्याची परात पुढ्यात घेऊन बसलो होतो.

"वासुभाऊ, हे वाचून सांगा जी. बायकोचा ताप उतरून नाई राह्यला. डाक्तर म्हणते हे दवाई पायजे. कुठी भेटते हे?"

मी चिठ्ठी वाचली. माझ्या बोटांना त्याच औषधाची पूड लागलेली होती. मांडीवर रिकाम्या कॅप्सूल पडल्या होत्या. तो माझ्यासमोर उभा, मला विचारतोय कुठी भेटते, आणि त्या परातीत ते पसरलेलं. त्याला वाचता येत नव्हतं. वर्षभर तो ते डब्यात भरून तळ्यावर नेत होता, आणि ते काय आहे हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मी म्हणालो, "हेच आहे ते, पोचन्नाभाऊ."

तो परातीवर वाकला. मग म्हणाला, "हे?"

मी उठून साहेबांकडे गेलो. पोचन्ना माझ्यामागे. साहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, परत दिली. "हे औषध आपल्या खात्याचं आहे," ते म्हणाले. "मासे आणि झिंगे. माणसांचं खातं वेगळं. त्यांनी त्यांच्याकडून मागवावं."

"साहेब, ती मरून राह्यली," पोचन्ना म्हणाला.

"मला वाईट वाटतं. पण नियम मी केलेला नाही." आणि त्यांनी कपाटाची किल्ली जानव्याला बांधली. आमच्या देखत.

मी काय केलं? मी परत खोलीत आलो. माझ्या तोंडून साहेबांना एक अक्षर गेलं नाही. चिठ्ठी तेवढी दाणीबाईंपुढे ठेवली. त्यांनी वाचली. "आणि साहेब काय म्हणाले?" मी सांगितलं. त्यांनी खलबत्त्यातला बत्ता उचलला, औषधाच्या कपाटापाशी गेल्या, आणि तीन घावांत कुलूप कडीसकट खाली पाडलं. आवाज ऐकून साहेब धावत आले.

"हे काय चालवलंय?"

"मी माणसांच्या खात्यात चाललेय," बाई म्हणाल्या. दोन पेट्या पदराखाली घेतल्या आणि भर पावसात दवाखान्याच्या दिशेनं निघाल्या. पोचन्ना त्यांच्यापुढे चिखल तुडवत.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. पाचव्या दिवशी राजक्काचा ताप उतरला. डोक्यावरचे सगळे केस गेले, महिनाभर भिंतीला धरून चालायची, पण उठली.

दाणीबाईंना मेमो मिळाला. झिंग्यांसाठी प्राप्त झालेले औषध मानवी उपयोगाकरिता का वापरण्यात आले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. बाईंनी त्याच दिवशी खाली उत्तर लिहिलं: "बाई आजारी होती. औषध होते. दिले."

पुष्कळ लोक इथे टाळ्या वाजवतात. वाजवू नका. त्याच पंधरवड्यात नदीपलीकडच्या पाड्यातला एक तरणा गोंड गडी त्याच तापानं गेला. त्याच्यासाठी औषध मागायला कोणी आलंच नाही, कारण आमच्या कपाटात ते आहे हे त्याच्या घरच्यांना माहीतच नव्हतं. ज्या दिवशी त्याला मातीत ठेवलं, त्या दिवशीही मी सकाळी कॅप्सूल फोडत होतो.

*

आणि आता शेवटचं.

मधल्या काळात राज्य बदललं, नागपूरच्या जागी मुंबई आली. एवढं औषध जाऊनही केंद्रातून झिंगे का निघत नाहीत, ते बघायला मुंबईहून तिघांची समिती आली. तिच्यात एक म्हातारे शास्त्रज्ञ होते, कमी बोलणारे, छत्री टेकत चालणारे.

पहिली चार तळी जवळजवळ रिकामी. पाचवं मात्र जिवंत होतं. पोचन्नानं एकदाच जाळं टाकलं तर हातभर निळ्या नांग्यांचे झिंगे उड्या मारत वर आले. साहेबांनी संधी सोडली नाही. "या तळ्याला आम्ही सर्वांत जास्त डोस दिला, सर. हा औषधाचा परिणाम."

समितीचे दोघे माना डोलवत होते.  म्हातारे मात्र दाणीबाईंबरोबर मागच्या खोलीत गेले. बाईंनी बशा दाखवल्या. चार तळ्यांच्या बशांत कडं नावालाही नाही. पाचव्या तळ्याच्या बशीत स्वच्छ, मोठी कडी. त्यांनी ती बशी दोनदा खिडकीशी नेऊन पाहिली. मग बाहेर येऊन पोचन्नाला बोलावलं.

"या तळ्यात औषधाचे लाडू कोण टाकायचं?"

"मी, साहेब."

"खरं सांग. टाकलेस?"

पोचन्नानं साहेबांकडे पाहिलं नाही. तळ्याच्या बांधामागे गेला आणि फावड्यानं माती ओढली. खाली खड्डाभर लाडू, बुरशी येऊन हिरवे-काळे झालेले.

"नाई टाकलो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"राजक्का उठली तवापासून."

"मग हे झिंगे असे कसे वाढले?"

"गोगलगायी ठेचून टाकतो जी. निम्मे झिंगे काढून नदीत सोडले. अन् रोज पहाटे नदीकडची मोरी उघडतो, पाणी येते, पाणी जाते. बस."

म्हाताऱ्यांनी छत्री बगलेत घेतली आणि पोचन्नाला हात जोडले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पण समितीत ते एक होते आणि बाकीचे दोन. महिन्याभरानं अहवाल आला. सरकारी औषध जाणूनबुजून नष्ट केल्याबद्दल तळंवाला पोचन्ना यास कामावरून कमी करण्यात यावं. केंद्र बंद करण्यात यावं. पाचव्या तळ्यातले झिंगे मात्र औषधोपचाराचा उत्तम नमुना म्हणून बर्फात घालून मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवावेत, सोबत श्री. घाटे यांनी जावं. दाणीबाईंनी अहवाल वाचला, त्याच कागदाच्या पाठीवर राजीनामा लिहिला, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. या वेळी मीही त्याखाली सही केली. एका कागदावर दोन राजीनामे चालत नाहीत म्हणून तो परत आला, मग मी वेगळा लिहिला.

झिंगे काढायचा दिवस ठरला. बल्लारपूरहून भुशात घातलेला बर्फ मोटारीतून आला. सकाळी साहेब कडक इस्त्रीचा कोट घालून, चार माणसं आणि जाळी घेऊन पाचव्या तळ्यावर गेले. दाणीबाई आणि मी मागोमाग.

तळ्यात पाणी नव्हतं. नदीच्या बाजूची मोरी सताड उघडी होती, तिच्यापुढची जाळी काढून बाजूला भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. तळाशी ओला चिखल आणि त्यावर बगळे. बांधावर पोचन्ना पाय धूत बसला होता. शेजारी राजक्का, डोक्यावर बोटभर नवे केस.

 हातातला रूळ चिखलाकडे करून साहेब म्हणाले, "झिंगे कुठं आहेत?"

पोचन्ना उठला, धोतराला हात पुसले.

"घरी गेले, साहेब."